'या'

रविवारी संध्याकाळी साडेसातला कोथरूडच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात टीव्हीचा आवाज बंद होतो. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा राहतो, आजोबा बनियनवर शर्ट चढवतात, आजी पदराने चष्मा पुसून खुर्ची पुढे ओढते. तिकडे श्टुटगार्टमध्ये दुपारचे चार वाजलेले असतात आणि अठ्ठावीस महिन्यांची नात झोपेतून उठून केळं खात असते. गेल्या जुलैतल्या अशाच एका रविवारी आजोबांनी नेहमीचं विचारलं, "जेवलीस का गं?" ती म्हणाली, "या." आजोबांचा चेहरा उजळला. "येतो हं, येतो! व्हिसाचं काम झालं की आलोच." मग आजीचा प्रश्न, "फ्रॉक आवडला का?" पुन्हा "या." "अगं हो, दोघंही येणार आहोत," आजोबा म्हणाले. तिसऱ्या 'या'ला सून मागून ओरडली, "बाबा, ते जर्मन 'या' आहे. म्हणजे 'हो'!" आजोबा "अच्छा, अच्छा" म्हणाले, आणि पाचच मिनिटांनी पुढच्या 'या'ला पुन्हा "येतो हं" म्हणाले.

एका अक्षराचा घोटाळा. चहाबरोबर सांगून हसावं एवढाच. पण तो काही डोक्यातून जाईना. मराठीत 'ये' असतं आणि 'या' असतं. दोन वर्षांच्या पोरीने आजोबांना 'ये' न म्हणता 'या' म्हणावं, हे त्या पुणेरी आजोबांना इतकं रास्त वाटलं होतं, की शंकेला जागाच नव्हती. आणि ती बिचारी कुणालाच बोलावत नव्हती. केळं खाता खाता होकार देत होती, तिच्या रोजच्या भाषेत.

रोजच्या. हा शब्द इथे महत्त्वाचा आहे.

मोठ्यांचा हिशेब साधा असतो. कंपनीचं काम दोन वर्षांचं, म्हणजे चोवीस महिने. चोवीस महिन्यांसाठी कशाला काय घ्यायचं? जर्मनीत भाड्याचं रिकामं घर म्हणजे पुष्कळदा इतकं रिकामं, की स्वयंपाकघरात ओटा, सिंक, शेगडी काहीच नसतं. आधीचा भाडेकरू स्वतःचा ओटा उचलून घेऊन गेलेला असतो. मग कुणाचा तरी जुना ओटा, जुनं पाळणावजा बेड, जुनी बाबागाडी. भिंतीला खिळा ठोकायचा नाही, कारण जाताना भोक बुजवून रंग द्यावा लागतो. सगळ्या बोलण्यावर 'तात्पुरतं' या शब्दाची पातळ साय धरलेली असते. आणि त्याच घरात एक प्राणी असा असतो, जो सात महिन्यांचा असताना आला आणि आता अठ्ठावीस महिन्यांचा आहे. एकवीस महिने त्याने इथे काढलेत. तो चालायला इथे शिकला, बोलायला इथे शिकला, पहिलं बोरन्हाणही त्याचं इथल्याच दिवाणखान्यात झालं, बोरांऐवजी मनुका आणि ब्लूबेरी घालून. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की हे तात्पुरतं आहे, आणि सांगितलं तरी 'तात्पुरतं' हा शब्द त्याच्या कोशात नाही. त्याच्या कोशात 'अजून' आहे आणि 'संपलं' आहे.

आजीचा हिशेब आणखी तिसराच. तिचा हिशेब तेवीस किलोच्या बॅगेत मावतो. मेतकूट, नाचणीचं सत्त्व, कुळथाचं पीठ, गूळ, थोडे पोहे, आणि शेवटी कपड्यांच्या मधोमध बाळसेदार बरणीत साजूक तूप. या बरणीवरून घराघरांत रामायण होतं. युरोपियन संघाच्या देशांत बाहेरून प्रवाशाने मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. जनावरांचे रोग त्यातून जातात म्हणून. तूप दुधाचंच. बाळाची दूधपावडर आणि बाळान्न माणशी दोन किलोपर्यंत चालतं, तेही कंपनीचं बंद पाकीट असेल आणि फ्रिजची गरज नसेल तर. घरच्या बरणीला ही सवलत नाही. ती कस्टममध्ये काढून ठेवली गेली की आजीला कळवायचं कसं, हा वेगळाच प्रश्न. (बाकरवडीला मज्जाव नाही, तिच्यात दूधही नाही नि मांसही नाही. पुण्याची अब्रू राहते.)

पण तूप तिथे करता येतं, आणि चांगलं होतं. दुकानात लोण्याच्या अडीचशे ग्रॅमच्या वड्या असतात आणि त्यांवर तीन प्रकारचे शब्द छापलेले असतात: झ्यूसराम म्हणजे गोड सायीचं, झाउअरराम म्हणजे विरजलेल्या सायीचं, आणि तिसरं मधलंच, 'मिल्डगेझॉयर्ट', ज्यात आंबटपणा नंतर मिसळलेला असतो. नवखं जोडपं पहिली वडी उचलतं, कढवतं, आणि म्हणतं की तुपाला वासच नाही. नसणारच. आपल्याकडे साय विरजून लोणी काढतात, तुपाचा तो खमंगपणा विरजणातून येतो. झाउअररामची वडी घेतली की घरभर मंडईजवळच्या एखाद्या जुन्या वाड्यातला वास सुटतो. मीठ घातलेली वडी घ्यायची नाही, सगळं मीठ बेरीत उतरतं. लोण्यात ब्याऐंशी टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे एका वडीचं साधारण दोनशे ग्रॅम तूप. मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं. फसतं ते शेवटी. विजेची शेगडी बंद केली तरी तवा तापलेलाच राहतो, आणि बेरी तांबूस दिसते आहे म्हणेपर्यंत ती काळी होते. पातेलं मिनिटभर आधीच बाजूला घ्यायचं. गॅसवर वाढलेल्या हाताला हे शिकायला तीन-चार वड्या जाळाव्या लागतात.

मऊ भाताचंही तसंच. आंबेमोहोर आणि इंद्रायणी नसेल तर लोक बासमती शिजवत बसतात, त्याचा मऊ भात काही केल्या होत नाही, नुसतं पाणी आणि शितं वेगळी. 'मिल्शराइस' नावाने खिरीचा जाड, गोल तांदूळ कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळतो. तो चिकट आहे. एक वाटी तांदूळ, चार वाट्या पाणी, कुकरला चार शिट्ट्या, वर मेतकूट आणि ते वरचं तूप. पोरगं खातं. कणकेचा घोळ मात्र जरा जास्त. तिथलं पीठ क्रमांकावर मिळतं: ४०५, ५५०, १०५०. हा आकडा म्हणजे शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते तो. राख जितकी जास्त तितका कोंडा जास्त. ४०५ म्हणजे मैदाच, त्याची पोळी तव्यावर छान फुगते आणि अर्ध्या तासात चामडं होते. ५५० आणि १०५० निम्मं-निम्मं मिसळलं की आपल्या कणकेच्या जवळपास जातं. अगदी तीच नाही. 'जवळपास' हा परदेशातल्या मराठी स्वयंपाकघराचा स्थायीभाव आहे.

नाचणीचं सत्त्व मात्र पुण्यातूनच न्यावं. इथे मे महिन्यात भिजवून फडक्यात बांधलेल्या नाचणीला चोवीस तासांत मोड येतात. तिथल्या हिवाळ्यात दोन दिवस वाट बघूनही बरेचदा वासच येतो. दहा-बारा तास भिजवणं, मोड, घरातच पंख्याखाली वाळवणं, हलकं भाजणं, दळून वस्त्रगाळ करणं, या सगळ्यामागे नुसती परंपरा नाही. मोड येताना धान्यात एक पाचक रस तयार होतो, तो पिठूळपणा मोडतो. म्हणून मोडाच्या नाचणीची पेज पातळ राहते, आणि तेवढ्याच वाटीत बाळाच्या पोटात जास्त धान्य जातं. कडक भाजलं तर हा गुण निघून जातो. ढवळताना सत्त्व आधी गार पाण्यात कालवायचं. गरम दुधात टाकलं की बाहेरचं पीठ लगेच शिजून कवच धरतं आणि आत कोरडी गोळी राहते. त्या गोळ्या पोरं अचूक जिभेने शोधून बाहेर काढतात.

घरात हे सगळं मराठी चालू असतं, आणि सकाळी साडेआठला पोरगं 'किटा'त जातं. किटा म्हणजे पाळणाघर आणि बालवाडी यांच्या मधलं काहीतरी. तिथे घेण्याआधी गोवराच्या लशीचा दाखला लागतो. १ मार्च २०२० पासून तसा कायदाच आहे: वर्षाच्या पुढच्या मुलाला एक डोस, दोन वर्षांच्या पुढे दोन. म्हणून भारतातलं लसीकरणाचं कार्ड मूळ प्रतीसह हातातल्या बॅगेत ठेवावं, चेक-इनच्या नाही. पण खरी गोष्ट दाखल्याची नाही. खरी गोष्ट 'आइनगेव्योनुंग'ची, म्हणजे सवय लावण्याच्या काळाची.

बऱ्याच ठिकाणी जी बर्लिन पद्धत म्हणून वापरतात तिच्यात पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर तासभर तिथेच बसून राहतात. कोपऱ्यात, शांतपणे. काही करायचं नाही, मोबाइलही बघायचा नाही. चौथ्या दिवशी पहिल्यांदा खोलीबाहेर जायचं, फार तर अर्धा तास. तो चौथा दिवस सोमवार आला तर मंगळवारवर ढकलतात, कारण शनिवार-रविवार घरी राहिलेलं मूल सोमवारी पुन्हा कच्चं झालेलं असतं. इतका बारीक विचार. मग अर्ध्या तासाचा एक तास, जेवणापर्यंत, झोपेपर्यंत, असे दोन ते चार आठवडे. आणि यातला एक नियम आपल्याकडच्या आईबापांना सगळ्यात जड जातो: जाताना मुलाला सांगून जायचं. 'टाटा, मी जाते, जेवण झालं की येते.' रडलं तरी. आपण पिढ्यान्पिढ्या उलटं केलं. लक्ष नाही असं बघून सटकायचं, चिऊ दाखवायची आणि मागच्या दाराने पसार व्हायचं. तिथल्या बाई हे बघितलं की नम्रपणे पण ठामपणे परत बोलावतात आणि निरोप घ्यायला लावतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हिवाळ्यातली तयारी हा स्वतंत्र व्यायाम. आधी शू, मग बाकी सगळं. हा क्रम चुकला तर शिक्षा पाच थरांची. आतली बनियन, लोकरी स्टॉकिंग, स्वेटर, बर्फाचा सूट, वरून चिखलाची रबरी पँट, टोपी, हातमोजे. आणि गाडीत बसताना तो फुगीर सूट पुन्हा काढायचा, कारण पट्टा सुटावर घट्ट वाटतो पण आत चार बोटं ढिला असतो, धक्का बसला तर मूल त्यातून पुढे जातं.

किटात नावही बदलतं. जर्मन 'जे'चा उच्चार 'य'. तेव्हा जुई असेल तर युई, ओजस असेल तर ओयास. आईबाप पहिल्या आठवड्यात दुरुस्त करतात, दुसऱ्यात कंटाळतात, आणि महिन्याभराने मूल स्वतःच विचारल्यावर "युई" सांगतं. मग फोनवर आजी "जुई, जुई" करते आणि मान काही वळत नाही. आजीला वाटतं, विसरली.

भाषेबद्दल पुष्कळ भाबडं बोललं जातं. पोरं काय, पटकन उचलतात. उचलतात खरी, पण ठेवूनही तितक्याच पटकन देतात. १९८४ साली जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी इंग्रजी घरांतल्या कॅनडातल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले दोन आवाज ऐकवले, दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट'. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळत नव्हता. म्हणजे ज्या आवाजाची घरात गरज नाही, त्याचं दार कान वर्षाच्या आत लोटून घेतो. आपल्या मुलांचं ते दार उघडं राहतं, कारण घरात रोज ताट आणि पाट असतात, वेळ आणि वेल वेगळे असतात. तेवढ्यापुरती काळजी नाही. काळजी दुसरी. दिवसभराचं काम उरकून आलेल्या आईबापांचं मराठी नीट ऐकलं तर त्यात एकच अर्थ असतो: आज्ञार्थ. ये, बस, जेव, सांडू नकोस, दात घास, झोप. गोष्ट, भांडण, खोटं खोटं, चिडवाचिडवी, मैत्रीण, हे सगळं जर्मनमध्ये. मुलाला मराठी येतं, पण ते हुकूम पाळण्यापुरतं, आणि हुकुमाला उत्तर एकच पुरतं. 'या'.

काही जागी दोन्ही भाषा गंमतशीर भेटतात. मराठीसारखीच जर्मनला तीन लिंगं. इंग्रजीने गुळगुळीत केलेल्या मोठ्यांना त्याचा ताप होतो, मुलांना नाही. पण सूर्य तिकडे बाई आहे, त्यामुळे एखादी चिमुरडी खिडकीतून बघत ठामपणे सांगते, "सूर्य आली." चंद्र दोन्हीकडे पुरुष. आजोबा व्याकरणाचे असतील तर दुरुस्त करतात. करू नये. ती चुकलेली नाही, तिने लिंग तिकडून आणि शब्द इकडून घेतला, एवढंच.

फोनचं घड्याळ वर्षातून दोनदा हलतं, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. साडेतीन तासांचं अंतर हिवाळ्यात साडेचार होतं. पुण्यातल्या आजी-आजोबांना हे वेळापत्रक बँकेच्या सुट्ट्यांपेक्षा पक्कं पाठ असतं. दीड-दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नका म्हणणारे डॉक्टरही व्हिडिओ कॉलला सूट देतात, कारण समोरचा माणूस उत्तर देतो. तरी त्यात खुब्या आहेत. पाठीमागे खिडकी असेल तर आजोबा म्हणजे नुसती काळी आकृती. "मी कोण, ओळख बघू?" हा प्रश्न तर कायमचा बाद करावा, परीक्षेला बसलेलं मूल पळून जातं. त्यापेक्षा दोन्हीकडे एकसारखी स्टीलची वाटी ठेवावी आणि एकाच वेळी खावं. आजी चमचा वाजवते, तिकडे चमचा वाजतो. बोलणं नाहीच. पण वीस मिनिटं जातात, आणि त्या वीस मिनिटांत कुणी कुणाला आज्ञा केलेली नसते.

ऑक्टोबरात ते परत आले. मुंबईहून रात्रीची टॅक्सी, पहाटे कोथरूड, उंबऱ्यात तुकडा ओवाळून टाकला, डोळ्याला पाणी लावलं. सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य, "आली बाई घरी!"

इथेच हिशेब चुकतो. आईबाप परत आलेले असतात. ती मात्र आयुष्यात पहिल्यांदा परदेशी आलेली असते.

बाहेरच्या गोष्टी सांभाळता येतात. तिची रात्री आठची झोप आता घड्याळात साडेअकराला येते. शरीर दिवसाला साधारण तासभर सरकतं, म्हणजे चार दिवस; सकाळी लवकर उजेडात नेलं तर लवकर निभतं, "झोपू दे बिचारीला" म्हणून अकरापर्यंत पडदे ओढले तर आठवडा लागतो. तिथे नळाचं पाणी पिण्याची सवय, इथे आंघोळीचं पाणीही गिळायचं नाही. टायफॉइड आणि कावीळ अ या लशी जर्मनीच्या नेहमीच्या वेळापत्रकात नसतात, तेव्हा तिथलं पिवळं लसपुस्तक घेऊन पहिल्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं. पुष्कळ घरं हे दिवाळीनंतर ढकलतात आणि मग जुलाबात दिवाळी काढतात. बाबागाडी पुण्याच्या फूटपाथवर दहा पावलं जाते, अकराव्याला डीपी, बाराव्याला स्कूटर. रिक्षात बसल्यावर ती मांडीवर न बसता पट्टा शोधते. कर्वे रस्त्याच्या सिग्नलला हिरवा माणूस दिसेपर्यंत हलायचं नाही म्हणून हात खेचून धरते, आणि आजोबा तिला उचलून दोन बसच्या मधून पलीकडे नेतात. पेशवे पार्कातल्या फुलराणीत, म्हणजे मुलांच्या छोट्या आगगाडीत, मात्र तिने पहिल्याच दिवशी संसार मांडला. गाडी म्हणजे गाडी.

आतल्या गोष्टी रात्री बाहेर येतात. तिसऱ्या की चौथ्या रात्री जेवण झालं, भांडी झाली, आणि ती स्वतःचे बूट घेऊन दाराशी उभी राहिली. "घरी जाऊ या," म्हणाली. शुद्ध मराठीत, एकही चूक नाही. आजी हसली, "अगं हेच घर." ती थांबली, विचार केला आणि जरा मोठ्याने, बहिऱ्याला सांगावं तसं म्हणाली, "नाही. घरी."

त्या श्टुटगार्टच्या घरातून निघताना ती झोपलेली होती. मुद्दामच तशी पहाटेची वेळ धरली होती, रडारड नको म्हणून. किटाचा शेवटचा दिवस 'तिला काय कळतंय' म्हणून नेहमीसारखाच गेला. ज्यांनी रोज निरोप घ्यायला शिकवलं, त्यांचा निरोप घेतला गेला नाही, आणि अख्खा एक देश लक्ष नसताना मागच्या दाराने पसार झाला. करायला फार काही लागत नाही. जायच्या पंधरा दिवस आधीपासून तिच्या खोलीचे, जिन्याचे, किटातल्या खुंटीचे फोटो काढून त्यांची छोटी वही करता येते. घर रिकामं झाल्यावर तिला कडेवर घेऊन प्रत्येक खोलीला टाटा करता येतं. बाईंना इथून फोन करता येतो, रविवारी साडेसातलाच. सुनेने तो फोन अकराव्या दिवशी लावला. पलीकडून "युई!" अशी हाक आली आणि ही टुणकन वळली. आजी मागे उभी होती. काही बोलली नाही, आत जाऊन तिने मेतकूट-भात कालवायला घेतला.

बूट दाराशी आणणं अजून अधूनमधून चालू आहे. जर्मन हळूहळू उतरते आहे, आधी क्रियापदं गेली, मग रंग. सूर्य आता कधी येतो, कधी येते. 'या' तेवढं टिकून आहे. परवा दुपारी बेल वाजली. आजोबा पेपर तोंडावर घेऊन पेंगत होते, आजी देवघरात. ही टाचा उंचावून जाळीच्या दाराशी गेली. बाहेर मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूस उभा होता. त्याने वाकून विचारलं, "आजोबा आहेत का घरात?"

"या," ती म्हणाली.

त्याने चपला काढल्या आणि कडी उघडायची वाट बघत राहिला.